भाची डबा खात नाहीये, फिजीच्या स्टडीबद्दल कोणी वाचलंय का?

मावशी_साताऱ्याची: भाची नववीत आहे, पोळी रोज कागदात गुंडाळून दप्तराच्या तळाशी सापडते आणि विचारलं की म्हणते मैत्रिणींबरोबर खाल्लं. ताई म्हणते वयच तसं असतं. मला झोप नाही. टीव्ही आल्यावर मुलींच्या खाण्यावर काय परिणाम झाला याची फिजीत स्टडी झाली होती ना, तिथे नक्की काय दिसलं होतं?

निळी_छत्री: ॲन बेकर म्हणून हार्वर्डच्या आहेत, मानववंशशास्त्रज्ञ पण आणि सायकियाट्रिस्ट पण. फिजीच्या नाद्रोगा भागात १९९५ला टीव्ही नुकताच आलेला, तिथे भरलेलं अंगच चांगलं मानायचे, त्यांनी शाळेतल्या मुलींना तेव्हा आणि परत १९९८ला प्रश्नावली दिली. खाण्याच्या त्रासाचा स्कोअर जास्त असलेल्या मुली १२.७ टक्क्यांवरून २९.२वर, वजनासाठी उलट्या काढणाऱ्या शून्यावरून ११.३ टक्के. तीन वर्षांत! मुली दोन्ही वेळा वेगळ्या होत्या आणि साठ-पासष्टच, म्हणून सगळा दोष टीव्हीलाच असं नाही म्हणता येणार.

गच्चीवरची: मावशी, स्टडी नंतर वाचा, आधी डॉक्टर. माझ्या बहिणीला आम्ही "नखरे नको करूस, खा" म्हणत ओरडत बसलो, पाळी बंद झाली तेव्हा कुठे जागे झालो. मग आईच रोज तिच्याशेजारी ताट घेऊन बसायची, न रागावता, संपेपर्यंत. लंडनच्या मॉडस्ली हॉस्पिटलात हीच फॅमिली थेरपी पुढे आली, जेवणाची जबाबदारी काही दिवस पालकांनी घ्यायची.

मावशी_साताऱ्याची: पाळीचं विचारलंच नाहीये गं. ताईला आत्ताच फोन लावते.