मदत हवी आहे: मृत्युपत्राचे एक साक्षीदार वारले, प्रोबेट (मृत्युपत्र खरं असल्याचा न्यायालयाचा दाखला) आत्ताच करून घ्यावं का?

नमस्कार मंडळी,

बाबा गेल्या वर्षी गेले. त्यांचं मृत्युपत्र आहे, नोंदणी केलेली नाही. नोंदणी ऐच्छिक असते, त्यामुळे त्याची चिंता नाही. चिंता साक्षीदारांची आहे. दोघांपैकी एक वारले. दुसरे बाबांचे मित्र, वय ८४. परवा मी मृत्युपत्र दाखवल्यावर काकांनी स्वतःची सही लगेच ओळखली. 'याच ओसरीवर बसून माझ्यादेखत सही केली त्याने,' म्हणाले. पण थोड्या वेळाने मला ताईच्या नावाने हाक मारू लागले.

घर आईला आणि शेतातला मोठा वाटा धाकट्या भावाला, कारण शेत तोच कसतो. ताईला आणि मला हे मनापासून मान्य आहे. पण पुढच्या पिढीत कुणी हरकत घेतली तर भावाच्या हातात भक्कम कागद असावा असं वाटतं.

प्रोबेट सक्तीचं नाही. गावचे वकीलसाहेब म्हणतात, मृत्युपत्र जोडून तलाठ्याकडे फेरफाराचा अर्ज द्या, सातबारावर नाव चढलं की झालं. मला हे पटत नाही. फेरफार महसुलापुरता, त्याने मालकी सिद्ध होत नाही. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५च्या कलम २८१ प्रमाणे प्रोबेटच्या अर्जावर, मिळू शकत असेल तर, निदान एका साक्षीदाराचं सत्यापन (आपल्यादेखत सही झाल्याचं लेखी निवेदन) लागतं. काका ते आज देऊ शकतात. आणखी दोन वर्षांनी देऊ शकतील याची खात्री कोण देणार?

बाबा राहायचे तिथल्याच जिल्हा न्यायालयात अर्ज करता येतो, तेव्हा वकील तिथलाच बरा. पण ज्याने प्रोबेटची कामं केली आहेत असाच हवा. असा माणूस कसा शोधावा? पहिल्या भेटीत काय विचारावं? मृत्युपत्रात एक्झिक्युटर (मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारी व्यक्ती) आई आहे, म्हणजे अर्ज तिच्या नावाने जाईल. मग आम्हा भावंडांची संमतीची प्रतिज्ञापत्रं त्याच वकिलांनी केली तर चालतात, की ताईने आणि मी वेगळा सल्ला घ्यावा? फी एकरकमी ठरवावी की टप्प्याटप्प्याने?

सगळ्यात महत्त्वाचं: काकांना जिने चढवत नाहीत. त्यांची साक्ष लागलीच तर कोर्ट कमिशनर (साक्ष नोंदवायला न्यायालयाने नेमलेला माणूस) घरी येऊन ती घेतो का, आणि त्यासाठीचा अर्ज सुरुवातीलाच देता येतो का? कुणी यातून गेलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.