मदत हवी आहे: सिसप्लॅटिन डीएमएसओत विरघळवलेलं चालतं का?

नमस्कार मंडळी, इथे कोणी कर्करोगाच्या पेशींवर धातूंच्या संयुगांची चाचणी केली आहे का? माझं काम रुथेनियम-अरीन संयुगांवर (रुथेनियम धातूला बेंझिनसारखं वलय जोडलेली संयुगं) आहे. स्फटिक छान नारिंगी मिळतात, पण पाण्यात विरघळायचं नाव घेत नाहीत. डीएमएसओत (डायमिथाइल सल्फॉक्साइड, गंधक असलेला द्रावक) लगेच विरघळतात. तुलनेला सिसप्लॅटिन लावायचंय (१९७८ साली अमेरिकेत मान्यता मिळालेलं कर्करोगावरचं औषध, तरी कसोटी अजून त्याच्याशीच!) आणि घोडं तिथेच अडलंय.

सिसप्लॅटिन हे प्लॅटिनमचं संयुग, त्याची सगळी मदार प्लॅटिनमला जोडलेल्या दोन क्लोराइडवर. रक्तात क्लोराइड भरपूर, साधारण १०० मिलिमोलर, म्हणून ते जागेवर टिकतात. पेशीत क्लोराइड बरंच कमी. तिथे त्यांची जागा पाणी घेतं आणि मग प्लॅटिनम डीएनएतल्या ग्वानिनला जाऊन चिकटतं. डीएमएसओ मात्र बाटलीतच आपल्या गंधकाने प्लॅटिनमला धरतो आणि क्लोराइड हुसकावतो. औषधाचा जोर उतरतो, आणि आपलं संयुग उगाच सरस दिसतं. तरी कित्येक शोधनिबंधांत सर्रास डीएमएसओच.

आमचे सीनियर म्हणतात, सगळ्यांना द्रावक एकच हवा. मला पटत नाही. सिसप्लॅटिन ०.९ टक्के सलाइनमध्ये, संयुग डीएमएसओत आणि दोन्ही द्रावकांचे वेगळे कंट्रोल (नुसता द्रावक घातलेल्या पेशी), असं केलं तर परीक्षक मान्य करतात का? कुणी डीएमएफ (डायमिथाइल फॉर्मामाइड, आणखी एक द्रावक) वापरलंय का? आणि रुथेनियमवरचा क्लोराइडही डीएमएसओ काढतोय का, हे बघायला एनएमआर (रेणूची रचना दाखवणारी चाचणी) किती तासांनी घेता?