भातुकली वापरून गोष्टीच्या पुस्तकासाठी सेट बांधलाय, पण फोटोत सगळं खेळण्यातलं का दिसतंय?

पितळी_कळशी:
भाचीसाठी चित्रगोष्ट करतेय, चित्रं काढता येत नाहीत म्हणून छोटं स्वयंपाकघर बांधून फोटो काढायचं ठरवलं. सनबोर्डच्या भिंती, शाडूची चूल, घरातली जुनी पितळी भातुकली आणि कापडाची आजी, १० इंचाची. समोर बघताना इतकं गोड दिसतं पण फोटोत पुढचं पातेलं क्लिअर आणि मागे आजी धूसर, वरची ट्यूब लावली तर अजूनच वाईट. काय चुकतंय?

किल्लेवाला:
आधी माप बघा. आजी १० इंचाची म्हणजे खरी ५ फुटी धरली तर सगळं एक षष्ठांश पाहिजे, १२ इंची घागर २ इंचाची. भातुकली कधीच एका मापाची नसते हो, जातं बंबापेक्षा मोठं असतं :) पट्टी घेऊन बसा आणि न जुळणारं काढून टाका, कितीही जीव अडकला असला तरी. दिवाळीच्या किल्ल्यावर मावळा बुरुजाएवढा असला तरी चालतं कारण ते आपण वरून बघतो, इथे मात्र कॅमेरा आजीच्या डोळ्यांच्या उंचीला आणा.

बटरपेपर:
इतक्या जवळून फोकस जेमतेम एक-दोन सेंटीमीटर मिळतो. ट्रायपॉड, टायमर, अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्सचं छिद्र लहान, एफ ११ ते १६, त्याच्या पुढे एफ २२ ला गेलात तर सगळाच फोटो मऊ पडतो, त्यापेक्षा फोकस पुढून मागे सरकवत ८-१० फोटो काढून सॉफ्टवेअरमध्ये जोडा. आणि ती ट्यूब आधी बंद करा! एकच टेबल लॅम्प बाजूने, खिडकीतून उजेड येतोय असा, मधे बटर पेपर. चुलीत पिवळा एलईडी, धुराला उदबत्ती.

पितळी_कळशी:
जातं काढलं, लॅम्प लावला, खूपच फरक पडला!! फक्त लुगडं पुठ्ठ्यासारखं उभं राहतंय.

शिवणटिपण:
कापड जाड आहे. जुनं विरलेलं मलमल घ्या, पाणी घातलेल्या फेव्हिकॉलमध्ये बुडवा, ओलं असतानाच टाचण्यांनी निऱ्या बसवा. काठ छापील नको, बारीक ब्रशने रंगवा, छापील नक्षी लगेच मोठी दिसते. आणि जोडपानावर, म्हणजे समोरासमोरच्या दोन पानांवर मिळून एक फोटो छापणार असाल तर मधल्या घडीत काही महत्त्वाचं ठेवू नका, मजकुरालाही मोकळी भिंत सोडा. १० इंची चौकोनी पुस्तक असेल तर जोडपान २० इंच, ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ६००० पिक्सेल रुंद, फोटो तेवढा आहे ना बघा.

पितळी_कळशी:
अरे देवा, आजी बरोब्बर मधोमध बसलीये आणि चूल फेव्हिकॉलने चिकटवलीये 🤦‍♀️