मदत हवी आहे : विली ब्राउन यांच्या महापौरपदाबद्दल

नमस्कार मंडळी. सॅन फ्रान्सिस्कोचे माजी महापौर विली ब्राउन यांच्यावर एक लेख लिहायला घेतलाय. 1964 मध्ये कॅलिफोर्नियाच्या विधानसभेवर निवडून आले, 1980 ते 1995 सभापती. म्हणजे तब्बल पंधरा वर्षं! पण 1990 मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या प्रस्ताव क्र. 140 ने आमदारांच्या कार्यकाळावर मर्यादा आणली आणि त्यांचा तिथला रस्ता बंद झाला. मग 1996 ते 2004 महापौर, शहराचे पहिले कृष्णवर्णीय.

आपल्याकडे बहुतेक उलटं : आधी महापौर, मग आमदारकीचं तिकीट. कारण उघड आहे, इथे चाव्या आयुक्तांकडे. तिथे मात्र महापौर अर्थसंकल्प मांडतो, खातेप्रमुख नेमतो. त्यामुळे ब्राउन यांची ही पदावनती होती असं मला अजिबात वाटत नाही.

लेख अडलाय तो 2000 पाशी. त्या वर्षी अकरा पर्यवेक्षकांची (म्हणजे तिथल्या नगरसेवकांची) निवडणूक पुन्हा प्रभागवार झाली आणि ब्राउन यांच्या विरोधकांनी मुसंडी मारली. त्यानंतर ब्राउन यांनी शहर कसं चालवलं? महापौराचा नकाराधिकार (व्हेटो) किती कामी आला? अमेरिकी स्थानिक राजकारणाचे जाणकार असतील तर कृपया सांगा. वाचायला काही सुचवलंत तरी चालेल, फक्त चरित्रगौरव नको.