ऑफर घेऊन गायब होणारे उमेदवार: चूक त्यांची की आम्हा एचआरवाल्यांची?

मनुष्यबळवाली
पुण्यात आयटी कंपन्यांच्या एचआरमध्ये १६ वर्षं झाली. परवाच्या सोमवारी एका सीनियर जावा डेव्हलपरचं जॉइनिंग होतं. त्याच्यासाठी तीन महिने थांबलो होतो. लॅपटॉप तयार, आयडी कार्ड छापलेलं. दहाला यायचा होता. साडेदहाला फोन केला, वाजून वाजून बंद झाला. अकराला व्हॉट्सॲपवर निळ्या टिका. दुपारी मेल आला, 'वैयक्तिक कारणामुळे येऊ शकत नाही'. ते वैयक्तिक कारण संध्याकाळी लिंक्डइनवर दिसलं: दुसऱ्या कंपनीच्या वेलकम किटसोबत हसरा फोटो!

या तिमाहीत सात ऑफर दिल्या, तिघं आले. प्रोजेक्ट मॅनेजर माझ्या डोक्यावर बसलाय, क्लायंट त्याच्या. ऑफर स्वीकारली म्हणजे शब्द दिला ना? सुपारी फुटल्यावर कोणी स्थळं बघत हिंडतं का?

फेज थ्रीवाला
ताई, सुपारी फोडून लग्न तीन महिन्यांनी ठेवलंत तर मधल्या काळात स्थळं येणारच. ९० दिवसांचा नोटीस पिरियड, म्हणजे राजीनाम्यानंतरही जुन्या कंपनीत काढायचे दिवस, कुठल्या कायद्यात लिहिलेला नाही, ऑफर लेटरमध्ये तुम्हीच घातलाय.

आणि एक गंमत सांगतो. नोकरीच्या पोर्टलवर 'सध्या नोटीसवर' असा फिल्टर लावून कोण शोधतं? तुम्हीच. तुम्हाला १५ दिवसांत येणारा हवा असतो. असा माणूस कोण? ज्याने दुसऱ्याची ऑफर खिशात घालून राजीनामा टाकलाय तो! म्हणजे दुसऱ्याच्या मांडवातला नवरदेव पळवायचा, आणि आपला पळाला की गळा काढायचा.

मनुष्यबळवाली
फिल्टरचं खरं आहे, लावते मी. पण ९० दिवस एचआरने ठरवले हा गैरसमज काढून टाका. गेल्या वर्षी ६० करूया म्हणून प्रस्ताव दिला होता. डिलिव्हरी हेड म्हणाले, "आपला माणूस दोन महिन्यांत सुटणार आणि येणारा तीन महिन्यांनी येणार, मधला महिना क्लायंटला बिलिंग कोण करणार?" विषय तिथेच संपला. निर्णय वरचे घेतात, मेल माझ्या नावाने जातो.

चाकणची दुसरी पाळी
तुमची दुखणी एसीतली हो ताई. मी प्लँट एचआर. आमच्याकडे कंत्राटी पोरगं पगाराच्या दुसऱ्या दिवशी शेजारच्या कंपनीत दिसतं, महिना पाचशे जास्त मिळतात म्हणून. त्याला नोटीस म्हणजे काय हेच माहीत नाही.

त्यात २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता, म्हणजे केंद्राचे नवे कामगार कायदे, लागू झाल्या. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरची रक्कम वेतनातच धरायची. शॉपफ्लोअरवर एकच प्रश्न, "साहेब, हातात कमी येणार का?" पीएफ १५,००० रुपये वेतनाच्या मर्यादेवरच कापत असू तर एवढ्याने हातातला पगार कमी होत नाही, हे रोज पाळी सुटताना गेटवर उभा राहून सांगतो. मुदतीच्या नोकरीवाल्यांना एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी, तर मालक विचारतात, "अकरा महिन्यांत काढलं तर?" या प्रश्नाला काय तोंड द्यायचं सांगा.

निवृत्त कामगारवाला
त्या चारांतल्या वेतन संहितेत एक कलम आहे. राजीनामा असो की काढून टाकणं, वेतनाचा हिशेब दोन कामाच्या दिवसांत चुकता करायचा. आयटीवाल्यांनो, तुमच्याकडे फुल अँड फायनलला किती दिवस लागतात?

मनुष्यबळवाली
४५. आता धावपळ चाललीय, सिस्टीम बदलतोय.

फेज थ्रीवाला
काका, हिशेबाचं सोडाच, रिलीव्हिंग लेटर, म्हणजे नोकरीतून रीतसर मोकळं केल्याचं पत्र, अडवतात त्याचं काय? कोर्ट कोणाला जबरदस्तीने नोकरीत राहायला लावत नाही, फार तर नुकसानभरपाई मागता येते. म्हणून हा कागद ओलीस धरायचा. याशिवाय पुढच्या कंपनीचं बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन अडतं, हे एचआरला पक्कं ठाऊक असतं.

बावीसची बॅच
मी या धाग्यावर लिहिणार नव्हतो. मला २०२२ मध्ये कॅम्पसमधून ऑफर मिळाली. जॉइनिंगची तारीख तीनदा पुढे ढकलली. १४ महिने घरी बसलो. आई शेजारणींना सांगायची, "पुढच्या महिन्यात जाणार आहे." शेवटी मेल आला, 'व्यावसायिक गरजा बदलल्यामुळे' ऑफर रद्द. फोन केला तर कोणी उचलला नाही. आणि शब्द पाळायचा आम्हीच?

मनुष्यबळवाली
तुला द्यायला माझ्याकडे उत्तर नाही. तसले मेल माझ्या हातूनही गेलेत, एका संध्याकाळी ६०-७०. त्या आठवड्यात अनोळखी नंबर मीही उचलत नव्हते.

तरी मूळ मुद्दा सोडत नाही. कंपनी वाईट वागली म्हणून सोमवारी सकाळी दुसऱ्याच कोणालातरी तोंडघशी पाडायचं, हा हिशेब जुळत नाही. शुक्रवारी कळवलं असतं तरी मी दुसऱ्या नंबरच्या उमेदवाराला धरलं असतं. ती मुलगी तोपर्यंत वाट बघत होती, मग दुसरीकडे गेली.

फेज थ्रीवाला
शुक्रवारी कळवायला हवं होतं, एवढं मान्य. बाकी काही नाही.

चाकणची दुसरी पाळी
मग त्या जावावाल्याच्या जागी मिळालं का कोणी?

मनुष्यबळवाली
मिळालाय एक. नोटीसवरच आहे, १५ दिवसांत येतो म्हणालाय.