'टू यूज' की 'यूजिंग'? निर्यातीच्या मेलमधला रोजचा घोळ

अक्कलकोट_रोड:
सोलापुरातून टेरी टॉवेल बाहेरदेशी जातात, त्या गिऱ्हाइकांना ऑफिसातून इंग्रजी मेल लिहावे लागतात. क्रियापदापुढे 'टू' लावायचं की 'आयएनजी', इथे दर वेळी गाडी अडते. खालच्या पाचांत चुका कुठे आहेत?

१. वुई लुक फॉरवर्ड टू रिसीव्ह युअर ऑर्डर.
२. वुई सजेस्ट यू टू वॉश द टॉवेल्स बिफोर यूज.
३. वुई स्टॉप्ड टू यूज दॅट डाय.
४. प्लीज अव्हॉइड टू ब्लीच.
५. वुई रिग्रेट टू इन्फॉर्म यू दॅट द शिपमेंट इज डिलेड.

याद्या पाठ होतात आणि आठवड्यात विसरतात. एखादी खूण असेल तर सांगा.

सात_रस्ता:
पाचवं तेवढं बरोबर. चौथ्यात 'अव्हॉइड ब्लीचिंग' करा, विषय संपला.

तिसरं मात्र महागात पडेल. तुम्हाला म्हणायचंय, तो रंग वापरायचं बंद केलं. ते 'वुई स्टॉप्ड यूजिंग दॅट डाय'. तुमच्या वाक्याचा अर्थ होतो, तो रंग वापरता यावा म्हणून आम्ही हातातलं काम थांबवलं. ज्या गिऱ्हाइकाने तो रंग नको म्हणून कळवलंय, त्याच्या हातात हे पडलं तर?

भुईकोट:
खूण आहे, पण ती दोन्ही रूपं घेणाऱ्या आणि अर्थ बदलणाऱ्या क्रियापदांपुरती: स्टॉप, रिमेम्बर, फर्गेट, रिग्रेट. स्वतःला एकच विचारा, दुसरं काम मुख्य क्रियापदाच्या आधी घडलं की नंतर? आधी असेल तर आयएनजी, नंतर असेल तर टू.

रंग आधी वापरत होतो, मग थांबलो: स्टॉप्ड यूजिंग. पॅकिंग लिस्ट जोडायचं लक्षात ठेवा, म्हणजे जोडणं अजून व्हायचंय: रिमेम्बर टू अटॅच. जोडल्याचं आठवतंय: रिमेम्बर अटॅचिंग. 'रिग्रेट टू इन्फॉर्म' यात वाईट बातमी पुढे यायचीय, आणि चुकीचं सॅम्पल पाठवल्याचा पस्तावा असेल तर 'वुई रिग्रेट सेंडिंग'. मराठीतलं '-ल्याचं' दिसलं की इथे बहुतेक आयएनजीच येतं.

ट्रायला हा नियम लागत नाही, पण तिथे आपली मराठी आणखी सोपी वाट दाखवते. 'धुऊन बघा' म्हणजे ट्राय वॉशिंग. 'सोमवारपर्यंत माल पाठवायचा प्रयत्न करू' म्हणजे वुई विल ट्राय टू सेंड. करून बघणं वेगळं, प्रयत्न करणं वेगळं.

हुरडा_चटणी:
भुईकोटांचं पटलं, पण मराठीवर फार भिस्त नको. 'वाचायला आवडतं' यात '-ायला' आहे म्हणून कुणी 'एन्जॉय टू रीड' लिहील. ते चूक. लाइकला दोन्ही चालतात, एन्जॉयला फक्त आयएनजी.

एकच रूप घेणाऱ्यांत ढोबळ कल असा: पुढच्या कामाकडे बोट दाखवणारी वाँट, होप, प्लॅन, डिसाइड, अ‍ॅग्री, प्रॉमिस, रिफ्यूज ही टू घेतात. चालू असलेल्या किंवा झालेल्या कामाबद्दलची एन्जॉय, फिनिश, अ‍ॅडमिट, डिनाय ही आयएनजी. कल मोडणारी मोजकी आहेत, तेवढीच पाठ करा: सजेस्ट, कन्सिडर, अव्हॉइड, पोस्टपोन यांत काम पुढचं असूनही आयएनजी, आणि मॅनेजमध्ये काम झालेलं असूनही टू.

आता पहिलं वाक्य. तिथला 'टू' क्रियापदाचा नाही, तो शब्दयोगी आहे. ओळखायची रीत: पुढे 'इट' ठेवून बघा. 'वुई लुक फॉरवर्ड टू इट' चालतं, म्हणून 'टू रिसीव्हिंग'. 'वुई होप टू इट' चालत नाही, म्हणून 'होप टू रिसीव्ह'. ऑब्जेक्ट टू, कमिटेड टू ही याच घरची. 'वुई यूज्ड टू सेल' म्हणजे पूर्वी विकत असू, आणि 'वुई आर यूज्ड टू सेलिंग' म्हणजे विकायची सवय आहे. एका 'आर'ने सगळं फिरतं. फॉर, बाय, विदाउट यांच्यापुढे तर डोळे झाकून आयएनजी: थँक यू फॉर सेंडिंग.

सात_रस्ता:
दुसरं राहिलंच. सजेस्टपुढे 'यू टू' कधीच नको. 'वुई सजेस्ट वॉशिंग' किंवा 'वुई सजेस्ट दॅट यू वॉश'. माणूस घालायचाच असेल तर क्रियापद बदला: 'वुई ॲडव्हाइज यू टू वॉश'. ॲडव्हाइज आणि अलाउ यांची गंमत अशी, की माणूस आला तर टू, माणूस गाळला तर आयएनजी: 'ॲडव्हाइज वॉशिंग'.

अक्कलकोट_रोड:
मोठं काम झालं. एकच शेवटचं, 'द टॉवेल्स नीड वॉशिंग' असं लेबलवर घालायचंय. 'नीड टू वॉश' हवं का?

भुईकोट:
नको, टॉवेल स्वतः काही धूत नाहीत. नीडपुढच्या आयएनजीत 'धुतले जाणं' हा अर्थ येतोच, त्यामुळे तुमचं बरोबर. 'नीड टू बी वॉश्ड' हेही तेच. पण लेबलावर जागा किती असते? 'वॉश बिफोर यूज' एवढंच छापा.