मदत हवी आहे: पिंग (नेटवर्कवर जाऊन-येऊन लागणारा वेळ) अर्धा मिलीसेकंद, तरी डेडलाइन चुकतात

दोन आठवडे डोकं फोडून झालं, म्हणून इथे विचारतोय.

तीन नोड्सचा (सर्व्हरचा) रिअल-टाइम डेटाबेस आहे, तिन्ही एकाच डेटा सेंटरमध्ये. प्रत्येक ट्रान्झॅक्शनला १०० मिलीसेकंदांची फर्म डेडलाइन. उशीर झाला की निकाल कवडीमोल, सरळ अबॉर्ट (रद्द). कमिट (बदल कायम करणं) टू-फेज: आधी ‘प्रिपेअर’ पाठवून सगळ्या नोड्सचा होकार घ्यायचा, मग ‘कमिट’ पाठवायचं. एरवी ८-१० मिलीसेकंदांत काम उरकतं. पण दिवसातून पाच-सहा वेळा तीस-चाळीस ट्रान्झॅक्शन्स एका दमात मरतात. सीपीयू निवांत, डिस्क निवांत.

लॉगमधला कालचा प्रसंग: ‘प्रिपेअर’ गेलं, ६ मिलीसेकंदांत दोन्ही नोड्सचा होकार आला. ‘कमिट’ निघालं. एका नोडला लगेच मिळालं, दुसऱ्याला २०३ मिलीसेकंदांनी! तोवर तिथला लॉक (रेकॉर्डवरचा ताबा) तसाच अडकलेला आणि त्याच रेकॉर्डसाठी ताटकळलेले सगळे बाद. दर वेळी आकडा २०० च्या जरा वर. १५० नाही, ४०० नाही. नेटवर्कवाले म्हणतात, पॅकेट लॉस नगण्य आहे. शेड्यूलिंग ईडीएफ आहे (ज्याची डेडलाइन आधी, त्याचं काम आधी), ते बदलून पाहू का?

प्रतिसाद १
शेड्यूलरला हात लावू नका, त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही. २०० मिलीसेकंद हा लिनक्सच्या टीसीपीचा (पॅकेटं पोचवणाऱ्या प्रोटोकॉलचा) किमान रिट्रान्समिशन टाइमआउट, म्हणजे पोच न आल्यास पॅकेट पुन्हा पाठवण्याआधी थांबायचा वेळ. हरवलेल्या पॅकेटमागून आणखी पॅकेटं गेली तर डुप्लिकेट ॲक (आधीचीच पोच पुन्हा) येतात आणि ते लगेच पुन्हा पाठवलं जातं. तुमचं ‘कमिट’ एकटंच, मागे कुणी नाही. टायमर संपेपर्यंत ते हरवल्याचा कुणाला पत्ताच नसतो. लॉस नगण्य असेलही, पण तो नेमका लॉक धरलेला असताना झाला की एकाची शिक्षा चाळीस जणांना.

आधी टीसीपी टाइमआउट्सचा काउंटर त्या वेळांशी ताडून बघा. जुळला तर नोड्समधल्या राउटवर आरटीओ-मिन (हाच किमान टाइमआउट) ५० मिलीसेकंद करा. हुरूप येऊन १० करू नका. समोरचा ॲक ४० मिलीसेकंद रोखून धरू शकतो, मग न हरवलेलंही पुन्हा पाठवत बसाल.

धागाकर्ता
काउंटर तंतोतंत जुळला! ५० केल्यावर बहुतेक ट्रान्झॅक्शन्स वाचतात. पण रांगेत मागे असलेली दोन-चार अजून जातात. प्रिपेअर झालेला, पण कमिट न झालेला डेटा पुढच्याला उसना द्यायची पद्धत वाचली होती. पहिलं अबॉर्ट झालं तर उसना घेणाराही अबॉर्ट, आणि त्याने पुढे कुणाला उसना द्यायचा नाही. कुणी प्रत्यक्ष वापरली आहे का?